फोन कनवटीचा, टॅब घरचा

परवा आईने रिक्षाचे साठ रुपये द्यायच्या ऐवजी सहाशे दिले. परवा म्हणजे खरं तर गेल्या वर्षीची गोष्ट, पण आमच्या घरात ती अजून परवाच घडलेली असते, कारण आई ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. सांगताना दर वेळी रिक्षावाला आणखी थोडा भला होत जातो. झालं एवढंच होतं की मंडईतून घरी येताना तिने फोन हातभर लांब धरून, डोळे बारीक करून रक्कम टाकली, शून्य एकदा दाबलं, दिसलं नाही म्हणून परत दाबलं. रिक्षावाल्याच्या फोनने आवाज केला, त्याने बघितलं आणि म्हणाला, "आजी, तुमचं काही चुकलंय." पाचशे चाळीस रुपये रोख मोजून परत दिले त्याने. कऱ्हाडात अजून अशी माणसं आहेत.

फोनवर अक्षर मोठं करून दिलेलं होतं, नाही असं नाही. पण सेटिंगमध्ये जाऊन अक्षर सगळ्यात मोठं केलं की पैशाच्या ॲपांची जी काय अवस्था होते ती ज्याने बघितलीय त्यालाच कळेल. रकमेचा अर्धा आकडा स्क्रीनच्या बाहेर, खालचं निळं बटण कीबोर्डाखाली गडप, आणि ज्याला पैसे द्यायचेत त्याच्या नावाची पहिली चार अक्षरं आणि पुढे तीन टिंबं. म्हणजे वाचायला येतं पण काय वाचतोय ते कळत नाही. आईचा एक डोळा मोतीबिंदूचा झालाय, दुसरा व्हायचाय, आणि वय त्र्याहत्तर. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहेतीस वर्षं शिक्षिका होत्या, त्यामुळे चुकलेलं गणित हा त्यांच्या दृष्टीने अपघात नसतो, गुन्हा असतो. सहाशेच्या प्रकरणानंतर दोन आठवडे त्यांनी फोनवरून कुणालाच पैसे दिले नाहीत.

मग मी टॅब आणला. पुण्यातून, दिवाळीच्या सेलमध्ये, दहा इंची, चांगला लख्ख. तिथल्या पोराने विचारलं, "मॅडम, वायफायवाला की सिमवाला?" मी म्हटलं घरातच तर वापरायचाय, वायफाय आहेच, सिमवाल्याला उगाच चार-पाच हजार जास्त कशाला घालवा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे हेच नडलं.

टॅब आईला मनापासून आवडला. सकाळी ई-पेपर, दुपारी सुडोकू, संध्याकाळी कीर्तन. पातेल्याच्या झाकणाला टेकवून ती तो ओट्यावर ठेवायला लागली, कणीक मळता मळता. पंधरा दिवसांनी मी गेले तेव्हा तिने फर्मान काढलं, "आता यावर ते पैशाचं टाकून दे. इथं साठ आणि सहाशे लगेच कळतील."

बरोबरच होतं की. मलाही वाटलं, दोन मिनिटांचं काम.

पहिलं ॲप स्टोअरमध्ये सापडलंच नाही, म्हणजे नाव दिसलं पण खाली बारीक अक्षरात की तुमच्या डिव्हाइसवर हे चालणार नाही. दुसरं उतरलं, उघडलं, भाषा विचारली, मराठी म्हटलं, नंबर विचारला, नंबर टाकला, मग ते म्हणालं आता या डिव्हाइसवरून एक एसएमएस पाठवतो, आणि गोल गोल फिरत बसलं. फिरतंय, फिरतंय. आई चष्मा लावून शेजारी बसलेली, परीक्षेला पर्यवेक्षक असतात तशी. शेवटी ते म्हणालं सिम नाही. आईने विचारलं, "फोनमधल्या सिमवरनं पाठव म्हणावं की, शेजारीच तर आहे." मी काय सांगणार.

तर हे का होतं, ते मी तेव्हा नीट समजून घेतलं. राग आला होता आणि राग आला की मी वाचत सुटते. यूपीआय सुरू करताना ॲप तुमच्या हँडसेटमधल्या सिमवरून, तुमच्या नकळत म्हणावं असा, एक सांकेतिक एसएमएस बाहेर पाठवतं. तो पलीकडे पोचला की तिथल्या यंत्रणेला कळतं कुठल्या नंबरवरून आलाय, आणि तोच नंबर बँकेत तुमच्या खात्याला जोडलेला असेल तर पुढचं दार उघडतं. त्यानंतर तो नंबर आणि तो हँडसेट यांची गाठ बांधली जाते. मग डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे नाहीतर आधारचा ओटीपी, मग पिन. पण पहिली पायरी ही, एसएमएस आतून बाहेर गेला पाहिजे. नुसता ओटीपी येऊन चालत नाही.

मी हे आईला सांगायला लागले आणि मधेच अडकले, कारण ओटीपी आणि हा एसएमएस यातला फरक कसा सांगायचा. तर तिनेच सांगितला. म्हणाली, "म्हणजे हजेरीसारखं. मी नाव पुकारलं की मागच्या बाकावरनं कुणीही 'हजर बाई' म्हणून ओरडायचं, दोस्तासाठी. म्हणून मी म्हणायचे, ओरडू नका, उभे राहा." अगदी तसंच. ओटीपी म्हणजे ओरडणं. तो तुम्ही फोनवर कुणालाही वाचून दाखवू शकता, आणि लोक दाखवतात, म्हणून तर लुटले जातात. आतून जाणारा एसएमएस म्हणजे जागेवर उभं राहणं, ते दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही, सिम त्याच हँडसेटमध्ये असावं लागतं. आता वायफायच्या टॅबला पायच नाहीत. तो उभा कसा राहणार.

गंमत अशी की नुसत्या बटणांच्या फोनला पाय आहेत. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आणलं, आणि तारा नव्याण्णव हॅश (*९९#) डायल करायचा प्रकार तर त्याच्याही आधीपासून आहे, इंटरनेट नको, स्मार्टफोन नको. म्हणजे ज्या डबड्यावर सापाचा गेम सोडून काही चालत नाही त्यावरून तुम्ही पैसे पाठवू शकता, आणि दहा इंची, आठ जीबीच्या, पंचवीस हजारांच्या टॅबवरून नाही. यंत्र किती हुशार आहे याला इथे काडीची किंमत नाही, त्याच्या पोटात सिम आहे का तेवढंच बघतात.

कुणी म्हणेल सिमवाला टॅब घ्यायचा होता. मलाही सगळ्यांनी तेच सांगितलं. पण त्यातही गोम आहे, सिमची खाच असली म्हणून तो टॅब एसएमएस पाठवेलच असं नाही, कित्येकांत सिम फक्त डेटापुरतं असतं. आयपॅडचंच घ्या, त्यात सिम चालतं, नेट चालतं, पण मोबाइल कंपनीचा साधा एसएमएस त्यावरून जात नाही. माझ्या मावसबहिणीच्या मुलाला नीटच्या अभ्यासासाठी महाज्योती या सरकारी संस्थेचा टॅब मिळालाय, त्याच्यासोबत डेटाही मिळतो. पण डेटा म्हणजे काही बँकेत नोंदवलेला नंबर नव्हे. आणि समजा सगळं जुळलं तरी आईचं सिम फोनमधून काढून टॅबमध्ये टाकावं लागलं असतं, तिथे ते ॲप सुरू केलं की फोनवरचं बंद. एक नंबर, एक हँडसेट. मग मंडईत काय घेऊन जायचं? "ताटाएवढा टॅब काखोटीला मारून मी मेथीची जुडी घेऊ?" इति आई.

पण सिम काढायचं नाही याचं खरं कारण हे नव्हतंच.

तो नंबर बाबांचा आहे. बाबा गेले २०२१ मध्ये. दोघांचं जॉइंट खातं होतं, नंबर अर्थातच त्यांचा दिलेला, आईचं पेन्शनही त्याच खात्यात. बाबा गेल्यावर सिम आईच्या नावावर करून घेतलं, मृत्यूचा दाखला जोडून, खात्यावरचं बाबांचं नाव काढलं, पण नंबर तोच ठेवला. फोनही त्यांचाच, मागे कोपऱ्यात तडा गेलेला. आईचा स्वतःचा दुसरा नंबर आहे, मैत्रिणींना, नातेवाइकांना तो माहितीय, त्यावर ती बोलते. बाबांच्या फोनवर मात्र कुणी बोलत नाही, तो फक्त पैशाचा. दर महिन्याला मी त्याचं रिचार्ज करते. एकदा विसरले होते तर आईचा पहाटे फोन, "अगं बाबांचा नंबर बंद पडेल." कारण नंबर बराच काळ बंद राहिला की कंपनी तो दुसऱ्याला देऊन टाकते हे तिने कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खरंच आहे, त्यामुळेच एप्रिल २०२५ पासून बँकांना आणि ॲपवाल्यांना असे फिरलेले नंबर दर आठवड्याला तपासून काढून टाकायला सांगितलंय. सुरक्षेच्या दृष्टीने एकदम योग्य नियम. आमच्या घरी मात्र तो नियम वाचून कुणालाही सुरक्षित वाटलं नाही.

तर यूपीआयच्या लेखी नंबर म्हणजे माणूस. आणि त्या हिशोबाने कऱ्हाडच्या मंडईत गेली चार वर्षं बाबा भाजी घेतायत.

असो. टॅबकडे येते.

मी विचार करत होते की हे सगळं असं का ठरलं असेल. तांत्रिक कारण कळलं, पण त्याच्या आधी कुणीतरी मनात काहीतरी चित्र धरलं असणार ना, पैसा कुठे असतो याचं. आजीचे पैसे दोन ठिकाणी असायचे. एक कनवटीला, नऊवारीच्या निऱ्यांपाशी खोचलेली पुरचुंडी. ती आजी अंघोळीला गेली तरी कुणाच्या हाती लागायची नाही. आणि दुसरे स्वयंपाकघरात, तुरीच्या डाळीच्या डब्यात, डाळीच्या तळाशी. डब्यातले पैसे घराचे. दूधवाला आला, दारावर बोहारीण आली, कुणाला ताप आला, तर जी बाई घरात असेल तिने डब्यात हात घालायचा. हिशोब नंतर. सुनांनाही मुभा, आम्हा मुलींनाही, मोठ्या झाल्यावर. आजोबांना तेवढं माहीत नव्हतं, किंवा होतं आणि ते बोलले नाहीत.

फोन हा कनवटीचा. दुसऱ्याच्या हातात दिला तरी जीव वरखाली होतो. टॅब मात्र कुणाचाच नसतो, म्हणजे घराचा असतो. दुपारी आईचा, भाचा आला की त्याच्या कार्टूनचा, मी गेले की माझ्या मीटिंगचा, त्यावर पाहुण्यांना लग्नाचे फोटो दाखवायचे, त्याला पासवर्ड असला तरी तो अख्ख्या घराला पाठ. बँकवाल्यांनी डोळ्यांसमोर ठेवली ती कनवट. डाळीचा डबा त्यांच्या डोक्यात आलाच नाही, किंवा आला आणि ते घाबरले. दुसरंच खरं असावं, आणि खरं सांगू का, मीही घाबरले असते. भाच्याने एकदा त्याच टॅबवर गेमच्या नादात काय काय दाबून ठेवलं होतं ते आठवलं की वाटतं, नाही आलं ॲप तेच बरं झालं.

हे काही आपल्याकडचंच नाही म्हणा. माझा भाऊ अमेरिकेत, तो मनगटावरचं घड्याळ दुकानातल्या मशीनला दाखवतो आणि पैसे जातात, त्याला आमची ही सगळी यातायात ऐकून हसू येत होतं. मी म्हटलं तुझ्या टॅबवरून दे बघू दुकानात. तर नाही देता येत. ॲपल पे ऑक्टोबर २०१४ मध्ये आलं तेव्हा त्याच महिन्यातल्या नव्या आयपॅडवरही ते होतं, पण फक्त ॲपच्या आत खरेदी करायला. दुकानात टेकवायला जी एनएफसीची सोय लागते ती फोनला दिली, पुढे घड्याळाला दिली, आयपॅडला नाही. आयफोनवरच्यासारखं वॉलेटचं वेगळं ॲपही त्यावर दिलं नाही, कार्ड सेटिंग्जमध्ये शिरून टाकायचं. विमानाचा बोर्डिंग पास फोनवरच्या वॉलेटात राहतो. तिथलंही चित्र तेच, पाकीट खिशात असतं, आणि जे खिशात मावत नाही ते पाकीट नाही. व्हॉट्सॲपचंच बघा ना, आयपॅडवर यायला त्याला मे २०२५ उजाडलं, आणि तेही फोनला जोडूनच. सगळ्यांचं मूळ फोनात.

पण एक गोष्ट मला खरंच खटकली, ती सांगते. आईचं जे दुसरं खातं आहे, ठेवीसाठीचं, ते उघडायला बँकेचा मुलगा घरी आला होता. त्याच्या हातात काय होतं? टॅब. त्या टॅबवर त्याने आईचा फोटो काढला, आधारसाठी अंगठा घेतला (तीनदा, म्हाताऱ्या माणसांचे ठसे लागत नाहीत, शेवटी करंगळी लागली), सही बोटानेच करून घेतली आणि चहा संपायच्या आत खातं तयार. म्हणजे बँकेच्या टॅबवर आईचं खातं उघडतं, आईच्या टॅबवर त्यातून दूधवाल्याला पैसे जात नाहीत. मला माहितीय हो, त्याचा टॅब बँकेच्या देखरेखीखाली असतो, त्याला वेगळं लॉगिन, वेगळं मशीन, सगळं कळतं. तरी आईने जो प्रश्न विचारला त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "त्याच्या हातात असला की विश्वास, आणि माझ्या हातात असला की नाही?"

मग मी तो सर्कलचा घाट घातला. यूपीआय सर्कल, ऑगस्ट २०२४ मध्ये आलं. कल्पना चांगली आहे आणि डाळीच्या डब्याच्या सगळ्यात जवळ जाणारी हीच. एकाच्या खात्यातून दुसऱ्याने खर्च करायचा, महिन्याला पंधरा हजारांपर्यंत, एका वेळी पाच हजारांपर्यंत, किंवा मग दर वेळी खातेवाल्याची परवानगी घेऊन. मला वाटलं माझ्या खात्यातून आईला जोडून टाकावं, तिच्या रोजच्या नंबराच्या फोनवर, तो नवा आहे, स्क्रीन जरा मोठी. मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. मी प्रायमरी, तू सेकंडरी.

"सेकंडरी म्हणजे?"

मी म्हटलं, "म्हणजे… दुय्यम."

इथे माझी चूक झाली. दुसरा कुठलाही शब्द चालला असता. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तेहेतीस वर्षं नोकरी केली, स्वतःच्या पेन्शनवर जगते, आणि मेथीच्या जुडीसाठी मी तुझी दुय्यम?" मी म्हटलं अगं तसं नाही, नुसता शब्द आहे तो. ती म्हणाली, उलटं कर, मी प्रायमरी आणि तू दुय्यम, पुण्यात कधी कमी पडलं तर तू काढ माझ्यातले. केलंही तसंच. गेलं वर्षभर मी माझ्या आईची दुय्यम आहे. एकदा चारशे वीस रुपये काढले, पेट्रोल भरताना माझ्या बँकेचा सर्व्हर बंद होता म्हणून. तर तिचा लगेच फोन, "पेट्रोलला का गं, गाडी तर सीएनजी घेतलीस ना?"

म्हणजे डबाही झाला, हिशोबही झाला, आणि टॅब होता तिथेच.

नाही म्हणायला टॅबवर काही पैशाची कामं होतात. विजेचं बिल ती टॅबवरच बघते, महावितरणची साइट उघडून. कागदी बिल नको म्हटल्याचे, गो-ग्रीनचे दहा रुपये वजा झालेत का हे तपासण्यात तिला जो आनंद मिळतो तो मला पगार झाल्यावरही मिळत नाही. बिल मोठ्या अक्षरात दिसतं, रक्कम आपोआप आलेली असते, टाईप करायची नसते, पैसे भरा म्हटलं की टॅबवर भला थोरला क्यूआर येतो. मग ती बाबांचा फोन काढते आणि टॅबसमोर धरते. टॅबने दाखवायचं, फोनने द्यायचं. साठाचे सहाशे व्हायची सोयच नाही. ही युक्ती तिची तिने शोधली, मी सांगितलेली नाही. मला तर फोनने दुसऱ्या यंत्रासमोर आरतीचं तबक ओवाळावं तसं ते दिसतं.

पिन ती बघत नाही. मला वाटायचं दिसत नाही म्हणून अंदाजाने दाबते की काय, धडकी भरायची, कारण तीनदा चुकला की बँक अडवते. पण तसं नाहीये. आई भजनी मंडळात पेटी वाजवते. पेटी वाजवणारा माणूस पट्टीकडे बघत नाही. आणि पिनचं ते पान कुठल्याही ॲपात गेलं तरी एकसारखंच असतं, ते ॲपचं नसतंच, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने सगळ्यांना दिलेलं असतं, आकडे ठरल्या जागी. अंगठा कुठे न्यायचा ते तिच्या हाताला पाठ झालंय. बोटं टकटकटक चालतात आणि नजर खिडकीबाहेर. मी एकदा म्हटलं, आता बोटाच्या ठशाने, चेहरा दाखवूनही होतं, छोट्या रकमांना पिनसुद्धा लागत नाही. तिने करंगळी वर करून दाखवली फक्त.

तर देण्याचं हे असं. घेण्याचं मात्र निराळंच आहे, आणि ते मला टॅबमुळेच कळलं.

या मार्चमध्ये त्यांच्या भजनी मंडळाची नरसोबाच्या वाडीची सहल ठरली. सव्वीस बायका, माणशी अकराशे, पैसे गोळा करायचं काम आईकडे कारण गणिताच्या बाई. पूर्वी हे म्हणजे पंधरा दिवस चालणारं प्रकरण, कुणाकडे पाचशेची नोट, सुट्टे नाहीत, कुणी म्हणते सुनेला विचारून देते, कुणी दिलेत म्हणते आणि वहीत नाहीत. या वेळी आईने आपला क्यूआर टॅबवर घेतला. मीच पाठवला होता फोटो करून, व्हॉट्सॲपवर. आणि विठ्ठल मंदिराच्या हॉलमध्ये, पाटावर, पेटीच्या शेजारी तो टॅब उभा करून ठेवला. उजेड पूर्ण वाढवून. सव्वीसातल्या चौदा-पंधरा जणींनी फोन काढले, बाकीच्यांनी नाती-सुना आणल्या होत्या.

तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं, घ्यायला काहीच लागत नाही. क्यूआर म्हणजे नुसतं चित्र. ते टॅबवर चालतं, कागदावर चालतं, नारळपाणीवाल्याच्या गाडीवर खिळा मारून ठोकलेल्या पत्र्यावर चालतं, दानपेटीवर चालतं. सिम नको, नेट नको, वीजही नको. सगळी कवाडं, सगळे पहारे देणाऱ्याच्या बाजूला. २०१६ मध्ये यूपीआय आलं, मग त्याच वर्षीच्या नोटाबंदीत अख्खा देश रांगेत उभा राहिला, त्यानंतर गल्लोगल्ली हे काळे-पांढरे चौकोन लागले ते एवढ्या झपाट्याने कसे लागले याचं मला नेहमी नवल वाटायचं. तर घेणाऱ्याला करायचं असतं फार थोडं. खातं हवं आणि चिकटवायला डिंक हवा. मशीन नको, भाडं नको. आवाज देणारा स्पीकर नंतर आला, त्याचं भाडं असतं, तो वेगळा धंदा.

आणि टॅब या एका कामाला काय शोभतो म्हणून सांगू. लांबून स्कॅन होतो, डोळ्याला दिसतो, मागच्या रांगेतल्या बायकांनाही उठावं लागत नव्हतं. देवळाच्या पुजाऱ्यांनी विचारलं, हा एकादशीला इथेच ठेवता का. आईने स्वच्छ नाही म्हणून सांगितलं, तिचा नंबर होता ना त्यावर, देवाचे पैसे आपल्या खात्यात येतील म्हणाली, ते नको.

मी त्या दिवशी हॉलमध्ये मागे बसले होते, चहाची जबाबदारी माझ्याकडे. एक धाकटी सून आली, कडेवर मूल, तिने टॅबसमोर फोन धरला, अकराशे टाकले, आणि "गेले बाई" म्हणाली. टॅबवर काहीच हललं नाही. हलणार कसं, फोटो तो. तिने जरा गोंधळून आईकडे बघितलं. आईच्या कमरेला तिचा तो कशिद्याचा बटवा असतो, त्यात सुपारी, चष्म्याची डबी आणि बाबांचा फोन. बटवा थरथरला. आईने तो उघडला नाही, वरूनच एकदा हात ठेवला, मान डोलावली, आणि वहीत त्या सुनेच्या नावापुढे बॉलपेनने लिहिलं, ११००, फोनवर आले. मग पेटीचा भाता उघडला.